दार लावलंत का?

आमच्या घरी येणाऱ्या पाहुण्याचे स्वागत गेल्या वर्षापासून ‘या, बसा’ या शब्दांनी होत नाही. बेल वाजली की आतून प्रथम ‘थांबा हं!’ असा पुकारा होतो. मग काही खुडबूड ऐकू येते, दार वीतभर उघडते, पाहुणा अंग चोरून आत शिरतो आणि त्याने चपला काढण्यापूर्वीच माझी आई स्वयंपाकघरातून विचारते, “दार लावलंत का?” परवा आमचे एक सहकारी प्राध्यापक या स्वागताने इतके गोंधळले, की ‘मी उसने पैसे मागायला आलेलो नाही’ असा खुलासा त्यांनी दारातच केला.

या साऱ्याचे मूळ खंड्या. खंड्या हा आमचा कुत्रा. सहा वर्षांपूर्वी एका पावसाळी संध्याकाळी माझ्या मुलीने त्याला मंडईजवळच्या एका हातगाडीखालून उचलले आणि दप्तरात घालून घरी आणले. त्या दप्तरातले मराठीचे पुस्तक पुढे वाळत घालावे लागले, ही गोष्ट मराठीचा प्राध्यापक म्हणून मी विसरलेलो नाही. कोणी जात विचारली तर आमची सौ. ‘पुणेरी’ असे सांगून विषय संपवते; आणि त्याच्या भुंकण्यातला तो नेमका अपमानकारक सूर ऐकला, की विचारणाऱ्यालाही ते पटते.

खंड्या तसा गुणी. चपला चावत नाही, ताटात तोंड घालत नाही, आईच्या पूजेच्या वेळी देवघराबाहेर बसून राहतो. त्याचा दुर्गुण एकच. दार उघडे दिसले, की त्याच्या अंगात येते. रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनक्रियेवरील संशोधनासाठी. पण लोकांच्या लक्षात राहिली ती त्यांच्या कुत्र्यांची लाळ. आमच्या खंड्याला बेल ऐकून लाळ सुटत नाही, पाय सुटतात. दूधवाला, पेपरवाला, गॅसवाला, कोणीही असो, दार आणि चौकट यांच्यामधल्या टीचभर फटीतून हा बाणासारखा बाहेर. मग त्याच्या मागे मी. कुत्रा पोळी घेऊन पळाला तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले आणि त्यांना त्याच्यात देव दिसला. मी टॉवेल सावरीत नारायण पेठेतून धावत असे आणि मला समोरच्या गॅलऱ्यांतून सगळी पेठ दिसे. आपण मागे धावलो की कुत्र्याला तो पकडापकडीचा खेळ वाटतो, हे मला फार उशिरा कळले. खंड्या मात्र तो खेळ मन लावून खेळे.

हे सारे हसण्यावारी गेले असते. पण तळमजल्यावर बंडू होता.

बंडू हा नानांचा कुत्रा. पांढराशुभ्र, केसाळ, म्हाताऱ्या पेन्शनरासारखा तोंडातल्या तोंडात कुरकुरणारा पामेरियन. नाना पोस्टातून निवृत्त झालेले. मुलगा परदेशी, आणि बंडूला ज्यांनी हौसेने आणले होते त्या नानी तीन वर्षांपूर्वी गेल्या. तेव्हापासून नाना बोलतात ते मुख्यतः बंडूशी. “बंडोपंत, आज भात जरा मऊ झालाय,” असे खिडकीतून ऐकू आले, की जिना उतरताना माझा पाय नकळत हळू पडे.

या दोन कुत्र्यांचे वैर कधी सुरू झाले हे सांगणे कठीण; पण त्याला खतपाणी मी घातले यात शंका नाही. खंड्याला फिरायला नेताना नानांच्या खिडकीवरून जावे लागे. बंडू गजाआडून भुंके. मी घाबरून साखळी आवळी आणि “चल, चल!” असे ओरडे. पुढे प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मला समजावले, की साखळी आवळली की संकट आले असे कुत्र्याला वाटते आणि धन्याचा चढलेला आवाज त्याला आपल्याच भुंकण्याची साथ वाटतो. म्हणजे रोज दोनदा, नेमाने, मी खंड्याला शिकवीत होतो की खिडकीतला तो पांढरा गोळा आपला शत्रू आहे. माझ्या शिकवण्याचा इतका पक्का परिणाम वर्गात कधी झालेला नाही.

गेल्या वर्षी नरकचतुर्दशीच्या पहाटे अंघोळी उरकल्यावर सौ.ने माझ्या हाती फराळाचे ताट दिले. पहिले ताट नानांकडे, ही नानी गेल्यापासूनची पद्धत. दोन्ही हातांत ताट. दार मी पायाने लोटले. ‘लोटणे’ आणि ‘लावणे’ या दोन क्रियापदांतला सूक्ष्म भेद मी पदवीच्या वर्गाला उदाहरणांसह समजावून देऊ शकतो. त्या दिवशी तो मला आठवला नाही.

नानांनी दार उघडले आणि त्याच क्षणी अंगणात कोणीतरी सुतळी बाँब लावला. त्या आवाजाने बिथरलेला खंड्या वरून जो सुटला तो माझ्या पायांमधून थेट बंडूवर. त्यानंतरचे मला तुकड्यातुकड्यांनी आठवते. चकल्या जिनाभर झालेल्या. मी खंड्याचा पट्टा धरून ओढतो आहे. आणि ओढल्याने दात अधिकच रुतत आहेत. नाना “अरे, मारेल रे तो त्याला!” म्हणत खाली बसले आणि त्यांनी सरळ दोघांच्या मध्ये हात घातला. इतक्यात वरून अभ्यंगाचे उरलेले बादलीभर पाणी आम्हां चौघांवर येऊन पडले. सौ.ला ते कोणी शिकवले होते, देव जाणे. पण भांडणाऱ्या कुत्र्यांवर पाणी ओतणे, जाड चादर टाकणे, ताटे बडवणे किंवा मध्ये एखादी फळी सरकवणे हेच करायचे असते, हात कधीही घालायचा नसतो. कुत्री सुटली. बंडूचा कान फाटला होता. नानांच्या मनगटाच्या वर दोन खोल जखमा होत्या आणि त्या खंड्याच्या होत्या. मी दोन हातांवर होतो. मी पाहिले होते.

नळाखाली साबणाने हात धुताना आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी धावत आले. “कोणाचा चावला?” त्यांनी विचारले. नाना माझ्याकडे न बघता म्हणाले, “माझाच. बंडू.”

मी काहीच बोललो नाही.

याला एक कारण होते आणि ते मोठेसे अभिमानाचे नाही. खंड्याची वार्षिक लस ऑगस्टमध्ये द्यायची होती. उत्तरपत्रिका, गणपती, परिसंवाद असे करता करता ती राहिली होती. त्याचे लसीचे पुस्तक टेबलाच्या खणात होते आणि त्या रात्री मी ते तीन वेळा काढून पाहिले, जणू तारीख बदलणार होती.

नानांना त्याच दिवशी लस टोचली, जखमा खोल म्हणून जखमांतही सीरम भरले. पूर्वीची ती पोटातली चौदा इंजेक्शने आता राहिलेली नाहीत, दंडात पाच. दिवस मोजायचे ते शून्यापासून : शून्य, तीन, सात, चौदा, अठ्ठावीस. ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांच्या प्रयोगशाळेत जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या पोराला पहिली लस टोचली गेली, तेव्हा त्याच्या आईची रात्र कशी गेली असेल, याचा विचार मी त्या दोन रात्री पुष्कळ केला. उपचार तोच होता, कोणाचाही कुत्रा चावला असता तरी. असे मी स्वतःला बजावीत होतो. पण डॉक्टरांनी चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायला सांगितले होते, आणि नाना लक्ष ठेवीत होते भलत्याच कुत्र्यावर.

तिसऱ्या दिवशी मी रिक्षातून नानांबरोबर गेलो. दवाखान्याच्या बाकावर नंबर येईपर्यंत मी घसा तीनदा साफ केला आणि शेवटी सांगून टाकले. लसीचेही सांगितले.

नाना शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “मास्तर, बंडूचे पुढचे दात गेल्याच वर्षी पडले. एवढं मला कळत नाही होय?”

“मग तुम्ही तसं का सांगितलंत?”

“तुमची पोर जिन्यात उभी होती. हुंदके देत होती. सेक्रेटरी कुत्रा घालवा म्हणाला असता.” थोड्या वेळाने ते म्हणाले, “पण लसीचं मला माहीत नव्हतं. ते तुम्ही त्याच दिवशी सांगायला हवं होतं.”

त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरे झाले असते.

आत डॉक्टरांनी मात्र ती कसर भरून काढली. पुढचे सात दिवस खंड्याला घराबाहेर न सोडता मी त्याला जेवताना, झोपताना आणि विशेषतः पाणी पिताना पाहत बसलो. सुटीत लिहायचा निबंध तसाच राहिला. दहाव्या दिवशी त्याने वाटी रिकामी केली आणि ती पायाने उलटी केली, तेव्हा आईने देवापुढे साखर ठेवली. सोसायटीची नोटीस आली, तिला मीच उत्तर दिले, सारे खरे लिहून. पाळीव प्राणी ठेवायला सोसायटीला बंदी घालता येत नाही, असे भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ सालीच स्पष्ट केले आहे. पण त्याचा आधार मी घेतला नाही. आमच्या हातून जे व्हायला हवे ते आधी व्हायला हवे होते.

ते डॉक्टरीणबाईंनी करून घेतले. पहिले म्हणजे सुताराकडून दाराच्या आत कमरेइतके लाकडी फाटक. वाड्यांना दिंडी दरवाजा असे, तसा आमच्या दोन खोल्यांच्या गडाला तो आला. दुसरे, उंबरठ्याचा धडा. खंड्याला बसवायचे आणि हात कडीकडे न्यायचा. तो उठला की हात मागे. बसला की पुन्हा कडी. बोटभर दार, उठला की बंद. न उठता बसून राहिला तर पनीरचा तुकडा. पहिल्या दिवशी मी कडीला चाळीसदा हात लावला आणि दार एकदाही उघडले नाही. तिसऱ्या आठवड्यात दार सताड उघडे राहिले, समोरून मांजर गेले आणि खंड्या नुसता थरथरत बसून राहिला. सुटलाच, तर मागे धावायचे नाही. हाक मारून उलट्या दिशेने पळायचे. म्हणजे अजूनही पळतो मीच. पण आता तो माझ्या मागे येतो. धर्मराजाने कुत्र्याला सोडून स्वर्गाच्या दारातून आत जायचे नाकारले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या कुत्र्याने दार उघडताच आत मुसंडी मारल्याचे मात्र कुठे वाचल्याचे स्मरत नाही. त्याला कोणीतरी शिकवले असले पाहिजे.

बंडू आणि खंड्या यांची मैत्री झाली, असे लिहायला मला आवडले असते. झाली नाही. नाना आणि मी दोघांना घेऊन नदीकाठच्या रस्त्याच्या दोन कडांनी, साखळ्या सैल सोडून, महिनेच्या महिने चाललो. आता ती वीस पावलांवरून एकमेकांकडे बघत नाहीत, एवढेच. अठरा पावलांवर बघतात. म्हणून वेळा वाटून घेतल्या आहेत, आणि बंडू बाहेर असला की नाना खिडकीच्या गजाला लाल पंचा बांधतात. तो आमच्या जिन्याच्या वळणावरून दिसतो.

यंदाही नरकचतुर्दशीला पहिले ताट नानांचे. ते मी बाजूच्या स्टुलावर ठेवले आणि दोन्ही हातांनी फाटक लावून पाहिले. खंड्या फाटकाआड बसला होता. ताट उचलून मी जिन्याच्या वळणापर्यंत गेलो आणि वाकून पाहिले. लाल पंचा होता. मी परत आलो, ताट मांडीवर घेऊन वरच्या पायरीवर बसलो. आतून आईने विचारले, “दार लावलंत का?”