हार्बर लाइन, आता तुझा नंबर

प्रिय हार्बर लाइन,



३ फेब्रुवारी २०२५ रोजी भारतातल्या विजेच्या रेल्वेगाडीला शंभर वर्षं पूर्ण झाली. शताब्दी सगळ्या देशाची होती, पण ती पहिली गाडी धावली तुझ्या रुळांवर, व्हिक्टोरिया टर्मिनस (आजचं सीएसएमटी) ते कुर्ला. गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं. गाडी चार डब्यांची, वर १५०० व्होल्टची डीसी तार. कोळसा न जाळता आगगाडी चालते, हे या देशाने पहिल्यांदा तुझ्याकडे पाहिलं. आणि त्या डीसी तारेखाली मुंबईत सर्वांत शेवटपर्यंत तूच राहिलीस. पश्चिम मार्ग २०१२ साली २५,००० व्होल्टच्या एसी विजेवर गेला, मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग २०१५ साली. तुझी शेवटची डीसी लोकल कुर्ल्याहून सीएसटीकडे निघाली ती ९ एप्रिल २०१६ च्या रात्री.

नवा प्रयोग आधी तुझ्यावर, सुधारणा मात्र सर्वांत शेवटी. ही तक्रार तुझ्या वतीने कुणीतरी लिहून ठेवायला हवी, म्हणून हे पत्र.

तुला माणसांसाठी बांधलंच नव्हतं. कुर्ला-चेंबूर हा तुझा तुकडा १९०६ साली टाकला गेला तो शहराचा कचरा चेंबूरच्या खाजणात नेऊन टाकण्यासाठी. त्यावर प्रवासी बसले १९२४ साली. तिकडे कुर्ला ते रे रोड हा फाटा १२ डिसेंबर १९१० रोजी सुरू झाला तो बंदरासाठी. तुझ्या स्थानकांची नावं नुसती ओळीने म्हटली तरी तेव्हाची मुंबई कळते. डॉकयार्ड रोड, पुढे रे रोड, मग कॉटन ग्रीन, जिथे कापसाच्या गाठींची गोदामं आणि कापूस बाजाराची इमारत उभी राहिली. त्यानंतर शिवडी आणि वडाळा, म्हणजे पोर्ट ट्रस्टची गोदी आणि तिची स्वतःची मालगाडी. (यातल्या काही नावांच्या जागी माझगाव, काळाचौकी अशी नावं द्यावीत, असा ठराव २०२४ साली विधिमंडळाने केला. तिथे राहणारी माणसं तशीही पत्ता सांगताना हीच नावं सांगत आली आहेत.) रे रोडपासून बोरीबंदरापर्यंत दाट वस्ती, जमिनीवर जागाच नाही, म्हणून तुला वर उचलून नेलं. आजही सँडहर्स्ट रोडला मुख्य मार्गाची गाडी खाली थांबते आणि तू तिच्या डोक्यावरून, लोकांच्या खिडक्यांना जवळजवळ खेटून जातेस. हा उंचावरचा मार्ग पुरा झाला तेव्हाच तू खऱ्या अर्थाने शहरात शिरलीस.

मग माणसं आली. फाळणीनंतर कोळीवाड्याला निर्वासित उतरले. ते स्थानक आता गुरू तेगबहादूर नगर आहे. १९५१ साली तू मानखुर्दला पोचलीस. ट्रॉम्बेच्या बाजूला तेल शुद्धीकरण कारखाने, खत कारखाना, अणुसंशोधन केंद्र उभं राहत गेलं आणि त्यांचे कामगार तुझ्या डब्यात बसले. पुढे एक गोष्ट घडली, ती मला फार लागते. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पात इतर मार्गांना जादा रूळ टाकायचे म्हणून रुळांलगतच्या झोपड्या हटवल्या. त्यातली हजारो कुटुंबं मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमध्ये आणि वाशी नाक्याला आणून वसवली. म्हणजे दुसऱ्यांच्या गाड्या सुरळीत धावाव्यात म्हणून ज्यांनी घर सोडलं, ती माणसं तुझ्या गर्दीत येऊन उभी राहिली. तुला मात्र त्या प्रकल्पातून जादा रुळांची जोडी मिळाली नाही.

९ मे १९९२ रोजी तू ठाण्याची खाडी ओलांडून वाशीला गेलीस. या टप्प्याबद्दल मला तुझा सर्वांत जास्त अभिमान आहे. मानखुर्द ते वाशी हे तुझं दोन स्थानकांमधलं सर्वांत लांब अंतर. दारात उभ्या असलेल्यांच्या तोंडावर इथेच खारा वारा येतो आणि गर्दीतली माणसं क्षणभर बोलायची थांबतात. या मार्गाच्या खर्चातला ६७ टक्के वाटा नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने उचलला, ३३ टक्के रेल्वेने. तोवर नवी मुंबई हे नियोजनकारांच्या नकाशावरचं शहर होतं. तू गेलीस आणि तिथे संसार थाटले गेले. १९९३ मध्ये नेरूळ आणि बेलापूर, १९९८ मध्ये पनवेल. ज्या जमिनीवरून तू पुढे गेलीस ती आगरी-कोळ्यांच्या गावांची. तिच्या मोबदल्यासाठी १९८४ साली जासईच्या परिसरात झालेल्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले, हेही तुझ्या इतिहासात लिहिलं गेलं पाहिजे. उरणच्या त्या गावांना लोकल मिळायला जानेवारी २०२४ उजाडला.

आता डब्यांचं बघ. मुख्य मार्गावर आणि पश्चिमेला बारा डब्यांच्या गाड्या १९८० च्या दशकातच आल्या. पंधरा डब्यांची लोकल पश्चिमेला २००९ साली धावली, मुख्य मार्गावर २०१२ साली. तू तोवर नऊ डब्यांवरच होतीस. बारा डबे तुला २०१६ साली मिळाले, आणि त्यासाठी सीएसटीला फेब्रुवारीत सलग ७२ तासांचा ब्लॉक घ्यावा लागला. डॉकयार्ड रोडला फलाट वाढवायला जागा सापडता सापडत नव्हती. अडचण खरी होती, हे मान्य. पण पंचवीस-तीस वर्षं पुरेल एवढी अडचण ती नव्हती.

आणि खरा प्रश्न डब्यांचा नाहीच, रुळांचा आहे. सीएसएमटी ते कल्याण ५४ किलोमीटर. जलद लोकल तासाभरात नेते. सीएसएमटी ते पनवेल ४९ किलोमीटर, आणि तुला सुमारे ऐंशी मिनिटं लागतात. मुख्य मार्गाला कल्याणपर्यंत चार रूळ आहेत, बऱ्याच भागात सहा. तुझ्याकडे दोनच, एक जायला, एक यायला. त्यामुळे तुझ्याकडे जलद गाडी असा प्रकारच नाही. प्रत्येक गाडी प्रत्येक स्थानकावर थांबते, आणि पनवेलच्या माणसाला कॉटन ग्रीनचा थांबा चुकत नाही. वडाळ्याच्या पुढे रावळी जंक्शनला तुझे दोन फाटे होतात, एक माहीम-वांद्र्यावरून गोरेगावला, दुसरा कुर्ल्यावरून पनवेलला. तिथे एक सिग्नल बिघडला किंवा चुनाभट्टीला पाणी भरलं की दोन्हीकडच्या गाड्या एकामागे एक उभ्या राहतात. बाजूने काढून न्यायला दुसरा रूळ नसतो. रविवारी मेगाब्लॉक असला की हार्बरच्या प्रवाशांना मुख्य मार्गावरून जाण्याची मुभा आहे, अशी घोषणा होते. वाशीच्या माणसाला ती मुभा ठाण्याला वळसा घालूनच वापरता येते.

अशा दोन रुळांवर तू रोज सहाशेच्या आसपास फेऱ्या करतेस. मोटरमन, ट्रेन मॅनेजर, रात्री रुळांवर वाकून काम करणारे गँगमन, पावसात पंप चालवणारे कर्मचारी यांच्या कामाला तोड नाही. त्यांच्या कौशल्यावरच ही सगळी ओढाताण निभावते आहे. पण माणसांचं कौशल्य ही रुळांची भरपाई होऊ शकत नाही. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं मरतात. कुणी रूळ ओलांडताना, कुणी दारातून पडून. दाराला लटकणारा माणूस हौसेने लटकत नाही. त्याला पुढची गाडीही तेवढीच भरलेली येणार हे माहीत असतं आणि कामावर लेटमार्क लागू द्यायचा नसतो.

यावर उपाय कागदावर आहे. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या ३ए टप्प्याच्या (एमयूटीपी-३ए) मूळ आराखड्यात सीएसएमटी ते पनवेल जलद उन्नत मार्ग होता. तो बाजूला पडला. त्यानंतर आणखी मेट्रो आल्या, शिवडीहून अटल सेतू झाला, ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. सेतूवरून मोटारी जातात. विमानतळावर सफाई, सामान, सुरक्षा आणि उपाहारगृहांत काम करायला जाणारी माणसं मोठ्या संख्येने गोवंडी, मानखुर्द, पनवेल, उरणचीच असणार, आणि त्यांना परवडणारा पास तुझाच आहे.

तेव्हा रेल्वे मंत्रालयाला, राज्य सरकारला आणि मुंबई रेल्वे विकास महामंडळाला तुझ्या वतीने माझी जाहीर मागणी आहे: सीएसएमटी-पनवेल जलद मार्गाची फाइल पुन्हा उघडा आणि कामाची तारीख सांगा. पूर्ण मार्ग एकदम जमत नसेल तर निदान कुर्ला ते पनवेल रुळांची दुसरी जोडी आधी टाका. आणि हे पत्र वाचणाऱ्या हार्बरच्या प्रवाशांनो, नेरूळचे असा की गोवंडीचे, तुमच्या खासदाराला भेटाल तेव्हा स्थानकावरचा सरकता जिना आणि नवं छप्पर यांच्याही आधी या दोन रुळांबद्दल विचारा.

तुझा,
एक पासधारक