गाडी उभी राहील तेवढीच मुंबई

मुंबई बघायला जायचं म्हणजे आधी गाडी ठरवायची, ही आमच्या कोल्हापूर-सांगली भागातली रूढ पद्धत. घरची सहा-सात माणसं, एक अर्टिगा किंवा इनोव्हा, किलोमीटरचा दर, ड्रायव्हरचा भत्ता; आणि मग गेटवे, राणीची बाग, हाजी अली, सिद्धिविनायक, जुहू अशी नेहमीची यादी. मी मात्र महालक्ष्मी एक्स्प्रेसने जातो आणि तिथे पोचल्यावरही गाडी करत नाही. ओळखीच्या लोकांना ही काटकसर वाटते. पैसे वाचतात हे खरंच, पण माझा मुद्दा पैशांचा नाही. दिवसभराची गाडी सोबत असली की मुंबईत काय बघायचं हे आपण ठरवत नाही, पार्किंग ठरवतं. गाडी जिथे उभी करता येईल तेवढीच मुंबई दिसते, आणि या शहराचा सगळ्यात बघण्याजोगा भाग गाडी शिरत नाही अशाच ठिकाणी आहे.

याचं कारण शहराच्या घडणीत आहे. मूळ मुंबई ही बेटं जोडून झालेली अरुंद, दक्षिणोत्तर पट्टी. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली आणि पुढची मुंबई त्या रुळांच्या आधाराने वाढत गेली. चिंचपोकळी, करी रोड, परळ या स्टेशनांभोवती गिरणगाव होतं. भुलेश्वर, काळबादेवी, झवेरी बाजार या वस्त्या तर मोटारीच्या कितीतरी आधीच्या. तिथल्या गल्ल्या माणसाच्या आणि हातगाडीच्या मापाच्या आहेत. मोटारींना उत्तर-दक्षिण जायला रस्ते मोजकेच, आणि सगळं शहर त्यांच्यावरच. दादरहून चर्चगेटला जलद लोकल साधारण पंधरा-वीस मिनिटांत पोचवते. तेच अंतर गाडीने किती वेळात कापलं जाईल हे संध्याकाळी सहा वाजता कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. बाहेरगावच्या माणसाकडे दोन-तीन दिवस असतात, त्याला हा वेळ फार महाग पडतो.

पण वेळेपेक्षा मोठं नुकसान बघण्याचं होतं. ओव्हल मैदानाचंच घ्या. या परिसरातल्या इमारतींना २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळालं. गाडीतून गेलं तर मैदानाची एकच बाजू दिसते, तीही सिग्नल सुटेपर्यंत. चर्चगेट स्टेशनवरून पाचेक मिनिटं चालत जाऊन मैदानाच्या मधून जाणाऱ्या पायवाटेवर उभं राहिलं, की पूर्वेला उच्च न्यायालय, राजाबाई टॉवर, विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह अशी एकोणिसाव्या शतकातली टोकदार कमानींची दगडी रांग दिसते आणि पश्चिमेला १९३०-४० च्या दशकांतल्या गोलसर कोपऱ्यांच्या, आडव्या पट्ट्यांच्या आर्ट डेको इमारती. एकीकडे साहेबाच्या राज्यकारभाराचा दरारा आणि समोर सुखवस्तू मुंबईकरांनी राहण्यासाठी बांधलेले फ्लॅट, मधे क्रिकेट खेळणारी पोरं. हे दोन काळ समोरासमोर असणं हीच त्या जागेची गंमत आहे, आणि ती फक्त पायी चालणाऱ्यालाच मिळते.

दादरचा फुलबाजारही असाच. पश्चिमेला स्टेशनातून बाहेर पडलं की लगेच झेंडू, शेवंती, निशिगंधाच्या राशी आणि वाट काढत जाणारे हमाल. घाटावरून रात्री निघालेला माल इथे भल्या पहाटे उतरतो. आपल्याच भागातलं फूल मुंबईत कसं विकलं जातं हे बघण्यासारखं आहे, आणि गाडीवाला तिकडे वळायचंही नाव काढणार नाही. महालक्ष्मी स्टेशनबाहेरच्या पुलाच्या कठड्यापाशी उभं राहिलं की खाली धोबीघाट: सिमेंटचे हौद, प्रत्येकात कपडे आपटायचा दगड, आणि वर दोरीच्या पिळात कपड्यांची टोकं खोचून वाळत घातलेल्या चादरींच्या रांगा. चिमटा एकही नाही. गिरगावात खोताच्या वाडीतली लाकडी सज्जांची घरं तर गल्लीच्या अरुंदपणामुळेच जपलेली वाटतात.

यावर पहिला आक्षेप गर्दीचा, आणि तो गंभीर आहे. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं जीव गमावतात. त्यांतली पुष्कळशी रूळ ओलांडताना आणि धावत्या गाडीतून पडून. सप्टेंबर २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, तेही आपण विसरलेलो नाही. त्यामुळे लोकल सोपी आहे असं मी कधीच म्हणणार नाही. पण तिची गर्दी वेळेला आणि दिशेला बांधलेली असते. सकाळी माणसं दक्षिणेकडे लोटतात, संध्याकाळी उत्तरेकडे. मुक्काम फोर्ट किंवा दादरला ठेवला आणि सकाळी बोरिवलीकडे निघालं तर बहुधा बसायला मिळतं. बोरिवलीला उतरून राष्ट्रीय उद्यानाच्या बसने कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत जाता येतं, म्हणजे लांबच्या ठिकाणासाठी गाडी लागतेच हेही खरं नाही. फलाटावरच्या पाटीवर जलद की धीमी, बारा डब्यांची की पंधरा, हे आधी वाचावं. दारात उभं राहू नये. घाई असली तरी पुलावरूनच जावं. एवढं पाळणाऱ्या पाहुण्याला दुपारची लोकल घाबरवत नाही.

दुसरा आक्षेप म्हाताऱ्या माणसांचा आणि लहान मुलांचा. लोकलच्या स्टेशनांवरचे जिने गुडघे दुखणाऱ्याला झेपत नाहीत, हे मान्य. मात्र ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पूर्ण झाल्यापासून या आक्षेपातला बराच जोर गेला आहे. तिची स्टेशनंच पाहा: सिद्धिविनायक, शितलादेवी, महालक्ष्मी, गिरगाव, काळबादेवी, हुतात्मा चौक. आमच्याकडून जाणाऱ्या कुटुंबाची निम्मी यादी यात बसते, आणि लिफ्ट व सरकते जिने आहेत. उरलेल्या टप्प्याला काळीपिवळी टॅक्सी करावी. मोटारीत बसायलाच माझा विरोध नाही. टॅक्सी तुम्हाला सोडून निघून जाते, तिला उभं राहायला जागा लागत नाही. दिवसभराची गाडी मात्र जिथे सोडली तिथेच परत यायला लावते. बाणगंगेला टॅक्सीने उतरून तळ्याला प्रदक्षिणा घालून वाळकेश्वरच्या चढावरून बेस्टची बस पकडणं शक्य असतं, कारण मागे कुणी ताटकळत नसतं.

अलीकडे आणखी एक युक्तिवाद ऐकू येतो: ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या वेशीवरच्या नाक्यांवर लहान गाड्यांचा टोल माफ झाला, मग गाडी का नको? टोल गेला, पण रस्ता रुंद झाला नाही. शिवाय ज्याच्या भरवशावर आपण जातो तो ड्रायव्हर रात्रभर घाट उतरून आलेला असतो, शहर त्याच्या पायाखालचं नसतं, आणि आपण दर्शनाच्या रांगेत असताना तो वाहतूक पोलिसाची नजर चुकवत चकरा मारत असतो. त्या थकलेल्या माणसाने त्याच रात्री परत कोल्हापूर गाठावं अशी अपेक्षा करणं मला पटत नाही.

अंथरुणाला खिळून नुकत्याच उठलेल्या माणसाला घेऊन जायचं असेल, चाकाची खुर्ची असेल, तर गाडी जरूर करावी. मुंबईने अशा प्रवाशासाठी अजून पुरेशी सोय केलेली नाही. बाकीच्यांनी एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. बाहेरगावची माणसं बहुधा शनिवार-रविवार गाठून जातात, आणि रविवारी लोकलच्या कुठल्या ना कुठल्या मार्गावर मेगाब्लॉक असतो. म्हणून दादर, महालक्ष्मी, बोरिवली हे शनिवारीच उरकावं. रविवारी फोर्टातली कार्यालयं बंद असतात, फूटपाथ मोकळे असतात, तेव्हा सीएसएमटीपासून गेटवेपर्यंत चालत जावं आणि तिथून लाँचने घारापुरी गाठावी. सोमवारवर मात्र टाकू नये, त्या दिवशी लेणी बंद असतात.