हाडातला काळा डाग

मूल लंगडायला लागलं की आमच्या वेळणेश्वरात निदान तयारच असतं, "पडला असेल कुठेतरी, मुका मार." पोरं दिवसभर पुळणीवर नि आगरात हुंदडतात, त्यामुळे बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण मध्यंतरी शेजारचा चार वर्षांचा मुलगा तेल चोळूनही लंगडतच राहिला, रात्री दुखून जागा व्हायला लागला. चिपळूणला एक्स-रे काढला. मांडीच्या हाडात काळा डाग!

"म्हणजे कॅन्सरच ना हो?" त्याच्या आजीने मला विचारलं.

मी काही डॉक्टर नाही. पण प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून वाचत गेलो, विचारत गेलो.

काळा डाग म्हणजे तिथलं हाड विरळ झालंय, एवढंच. कशामुळे, ते डाग सांगत नाही. म्हणून आधी वय बघतात. पाच वर्षांच्या आत हाडात झालेला पू, लँगरहॅन्स सेल हिस्टिओसायटोसिस, रक्ताचा कॅन्सर, न्यूरोब्लास्टोमा यांचा विचार आधी होतो. आपल्याकडे क्षयाचाही. मग डागाची कड. रेखीव, पांढऱ्या किनारीचा डाग सहसा सावकाश वाढणारा, निरुपद्रवी. पुसट कडेचा, हाडावर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर चढवणारा असेल तर घाई करायची. तो युइंग सार्कोमा असू शकतो. गंमत अशी (गंमत कसली!) की पूसुद्धा असेच थर चढवतो. ताप, वाढलेला ईएसआर दोन्हीकडे!

शेवटी निकाल लागतो तो तुकडा काढून. तो पॅथॉलॉजीकडेही जातो आणि जंतूंच्या तपासणीलाही. गाठ वाटली तरी कल्चर, पू वाटला तरी बायोप्सी. आणि पुढचे उपचार जिथे व्हायचे, तुकडा शक्यतो तिथेच काढावा.

मुंबईत टाटा हॉस्पिटल १९४१ पासून आहे, पण अजूनही नुसत्या नावाने घर गळाठतं. या मुलाच्या घरचे तरीही गेले. निघालं हिस्टिओसायटोसिस, एकाच हाडात. असा एकटा डाग पुष्कळदा आपणहून भरून येतो. त्याचाही भरला.

नसता भरला तरी जायलाच हवं होतं. घाबरून कॅन्सर म्हणणं आणि धीर द्यायला मुका मार म्हणणं, दोन्ही अंदाजच. मुका मार दिवसागणिक कमी होतो. रात्रीचं दुखणं, सूज, न थांबणारं लंगडणं असेल तर फोटो काढावा. ताप असून मूल पाय टेकवत नसेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हाडात पू असला तरी पहिले आठ-दहा दिवस एक्स-रे कोरा दिसू शकतो.