हळद्या वायगाव

वर्ध्याहून हिंगणघाटकडे निघालात की वाटेत एक वायगाव लागते. ते वायगाव निपाणी. हळद शोधायला तेथे उतरू नका. हळदीचे वायगाव समुद्रपूर तालुक्यात आहे आणि पंचक्रोशी त्याला ‘हळद्या वायगाव’ म्हणूनच ओळखते. पिकाचे नाव गावालाच चिकटावे, हे भाग्य थोड्याच गावांचे.

जायचे तर माघ-फाल्गुनात जा. मृगाच्या सुमारास लावलेल्या बेण्याची पाने तोवर वाळून गेलेली असतात आणि काळ्या मातीतून कंद निघत असतात. हळकुंडे शिजवायची, कडक होईपर्यंत उन्हात वाळवायची, मग ड्रममध्ये घोळवून वरची खरखरीत साल काढायची. आठ-नऊ महिन्यांच्या पिकावर एवढे सोपस्कार! एखादे ओले हळकुंड मोडून पाहा. आतला रंग केशरीकडे झुकलेला, गर्द असतो. तो कुर्क्युमिनचा. वायगावच्या हळदीत ते सहा टक्क्यांहून अधिक आढळते, आणि पुष्कळ हळदींत ते याहून कमी असते. २०१६ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे दुसरीकडची हळद ‘वायगाव हळद’ म्हणून विकणे कायद्याला मान्य नाही.

या सहा टक्क्यांचे कौतुक मलाही आहे; पण डॉक्टर म्हणून थोडी धास्तीही वाटते. सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ हिरड्यांतून रक्त येते म्हणून माझ्याकडे आले. हृदयासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू होती आणि मुलाने प्रेमाने आणलेल्या कुर्क्युमिनच्या कॅप्सूलही. “हळदच तर आहे, डॉक्टर!” पाचशे मिलिग्रॅम कुर्क्युमिन मिळवायला वायगावचीसुद्धा सुमारे आठ ग्रॅम हळद लागेल, वरणात आपण टाकतो चिमूटभर. शिवाय अशा कॅप्सूलांत पुष्कळदा मिरीचा अर्क असतो, त्यामुळे कुर्क्युमिन रक्तात अधिक उतरते. घरातील वडीलधाऱ्यांना अशी गोळी चालू असेल, पित्ताशयात खडे असतील किंवा यकृताचा विकार असेल, तर कॅप्सूल देण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारा.

गावातून मी पूड आणत नाही, अख्खी हळकुंडे आणतो आणि समोर दळून घेतो. बाजारातील भडक पिवळ्या पुडीत कधी कधी शिशाचा रंग मिसळलेला असतो, तो डोळ्यांना ओळखू येत नाही.

त्या गृहस्थांच्या कॅप्सूल मी बंद केल्या. फोडणीतली हळद मात्र तशीच चालू आहे, आणि ती वायगावचीच.