बोर्ड नवा, पण संगणक मुका

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. आम्ही नगरला लागून असलेल्या भिंगारला राहतो. जिल्ह्याचे नाव २०२४ पासून सरकारी कागदावर अहिल्यानगर झाले, पण आमच्या तोंडात अजून नगरच बसले आहे. आम्ही दोघे नवरा-बायको. एकाची उमेद एस.टी.च्या आगारात गाड्यांखाली झोपून गेली, दुसरीची शिवणयंत्रापुढे बसून. संगणक आमच्या दोघांच्याही हातचा नव्हे. तो घरात आणला थोरल्या मुलीने. एमएस-सीआयटी केली, मराठी टायपिंग केले आणि भिशीच्या पैशातून एक जुना संगणक घेतला. आता ती कॉलेज सांभाळून आळीतल्या पोरापोरींचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देते. महाडीबीटीवर अर्ज भरायचा म्हणजे जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, मार्कशीट, सगळे स्कॅन करून ठरलेल्या मापात बसवावे लागते. कुणी वीस रुपये देते, कुणी पन्नास, कुणी नुसता आशीर्वाद देते.

एके रात्री विजांचा कडकडाट झाला, लाईट गेली, आली, पुन्हा गेली. सकाळी संगणक चालू होईना. ओळखीच्या मुलाने पाहून सांगितले, मदरबोर्ड गेला. हा बोर्ड म्हणजे संगणकाच्या पेटीतली मोठी हिरवी पाटी. प्रोसेसर, रॅम, हार्डडिस्क सगळे तिलाच जोडलेले असते. त्या पाटीवरच्या दोन-तीन नळकांड्यांची डोकी फुगून वर आली होती. त्यांना कपॅसिटर म्हणतात. डोके सपाट असले पाहिजे. फुगले, फुटले की समजावे की तो गेला.

हार्डडिस्क शाबूत होती, पण तिच्यात नऊ मुलांचे कागद अडकले होते आणि अर्जाची शेवटची तारीख आठ दिवसांवर होती. धाकटा मुलगा आय.टी.आय.ला आहे. तो म्हणाला, "बोर्ड मी बसवतो. मजुरी वाचेल." पुण्याच्या तपकीर गल्लीत आमच्या जुन्या प्रोसेसरला चालणारा नवा बोर्ड मिळाला. चोवीसशे रुपये मोजले. दुकानदाराने सांगितले, सात दिवसांत परत आणला तर बदलून देऊ, पण सॉकेटच्या पिना वाकल्या असतील तर नाही. आमच्या जातीच्या बोर्डात प्रोसेसर बसतो त्या चौकोनात १,१५५ बारीक पिना असतात, केसासारख्या. बोट लागले तरी वाकतात.

रविवारी पोराने दुपारभर बसून बोर्ड चढवला. संध्याकाळी सगळ्यांसमोर बटण दाबले. पंखा अर्धा फेरा फिरला आणि थांबला. पुन्हा दाबले, पुन्हा तेच. पडदा काळाच.

आणि आम्ही काय केले? बोर्डाकडे पाहिले नाही, पोराकडे पाहिले. "कशाला हात लावलास? पिना वाकवल्यास ना? चोवीसशे रुपये पाण्यात घातले!" एकाने सुरुवात केली, दुसरीने पुढे ओढले. पोरगा एक शब्द बोलला नाही. ताट तसेच ठेवून भिंतीकडे तोंड करून झोपला. मुलगी मात्र हळूच म्हणाली, "बाबा, गाडी स्टार्ट झाली नाही तर तुम्ही आधी ड्रायव्हरला शिव्या देता का?"

हे बोलणे लागले. आगारात गाडी उभी राहिली की पहिल्याच झटक्याला कुणी एंजिन उतरवत नाही. आधी बॅटरीची टर्मिनल बघतात, मग वायर, मग डिझेल. एका वेळी एकच गोष्ट तपासायची. दोन एकदम बदलल्या तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही. हे तीस वर्षे हाताने केले, पण घरी विसरलो.

सोमवारी रात्री आम्ही चौघे पेटीभोवती बसलो. प्लग काढला. हात लावण्याआधी पेटीच्या पत्र्याला हात टेकवला, कारण अंगातली स्थिर वीज नाजूक भागांना मारते. मग पोरालाच म्हटले, "तू सांग, आम्ही धरतो."

पहिल्यांदा पुरवठा तपासला. वीज देणारी जी पेटी असते, एसएमपीएस, ती कधी उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्या पोटात विजेचा साठा राहतो. पण तिची चोवीस पिनांची वायर बोर्डापासून सुटी करून, हिरवी तार एखाद्या काळ्या तारेला क्लिपने जोडली आणि मग प्लग लावला, तर ती एकटी चालू होते. तशी ती झाली. आगारातला जुना मीटर लावला. पिवळ्या तारेवर १२ व्होल्ट, लालवर ५, नारिंगीवर ३.३. मीटरवाल्याने लगेच बजावले, "ओझे नसताना आकडा बरोबर दिसतो म्हणून बॅटरी चांगलीच आहे असे नसते." तरी पुरवठ्यावरचा संशय कमी झाला.

दुसरे, प्रोसेसरजवळची चार पिनांची वेगळी वायर. पुष्कळ जण मोठी वायर लावतात आणि ही विसरतात. पंखे फिरतात, पण पडदा काळाच राहतो. पोराने ती लावलेली होती. तिसरे, रॅमची पट्टी. दोन्ही टोकांच्या खिट्ट्या आपोआप मिटेपर्यंत दाबावी लागते. तीही नीट होती. चौथे, पिना. प्रोसेसर उचलून मोबाईलचा उजेड तिरका पाडला. सगळ्या रांगा पेरलेल्या शेतासारख्या सरळ होत्या. एकही पिन वाकलेली नव्हती. आदल्या रात्री आम्ही जे बोललो होतो ते खोटे ठरले. कुणी काही बोलले नाही.

मग पोराने बोर्ड पेटीतून बाहेर काढला आणि तो ज्या खोक्यातून आला त्या पुठ्ठ्यावर ठेवला. हार्डडिस्क, डीव्हीडी, सगळे सोडवले. फक्त प्रोसेसर, त्याचा पंखा, एक रॅम आणि पडद्याची वायर. बटणही सुटे होते, म्हणून बटणाच्या वायरीच्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचे टोक क्षणभर टेकवले. पंखा फिरला. फिरतच राहिला. पडद्यावर पांढरी अक्षरे आली.

मुलगी ओरडलीच. पण आनंद पाऊण तास टिकला. बोर्ड पेटीत चढवला, बटण दाबले, पंखा अर्धा फेरा फिरला आणि थांबला.

बाहेर चालतो, आत चालत नाही. म्हणजे बोर्ड चांगला, प्रोसेसर चांगला, रॅम चांगली. दोष उरला तो पेटीत. इथे शिवणयंत्रवालीची नजर कामी आली. बोर्ड पुन्हा उचलला तेव्हा पेटीच्या पत्र्यात बसवलेल्या पितळी खुंट्या दिसल्या. बोर्ड पत्र्याला चिकटू नये म्हणून तो या खुंट्यांवर टेकवून स्क्रू मारतात. ती एकेक छिद्र बोटाने मोजत गेली आणि म्हणाली, "हे बटण आहे, पण याचं काज कुठं आहे?"

खरेच होते. जुन्या बोर्डाला आठ छिद्रे होती, नव्याला सहा. उरलेल्या दोन खुंट्यांपैकी एक बोर्डाच्या कडेबाहेर होती, तिचा त्रास नव्हता. दुसरी मात्र नेमकी बोर्डाच्या पोटाखाली, तिथल्या झाळणीच्या टाक्यांना टेकून उभी होती. बटण दाबले की वीज तिथून पत्र्यात उतरायची आणि एसएमपीएस स्वतःला वाचवण्यासाठी बंद व्हायची. बोर्ड उलटा करून पाहिला तर त्या जागी बारीक ओरखडाही होता.

छिद्रांच्या जागा काही दुकानदार ठरवत नाही. इंटेल कंपनीने १९९५ मध्ये एटीएक्स नावाचे माप आणले, त्याप्रमाणे जगभर पेट्या आणि बोर्ड बनू लागले. लहानमोठे बोर्ड एकाच पेटीत बसावेत म्हणून खुंट्या काढता-घालता येतात. बोर्ड बदलला की खुंट्याही त्याच्या छिद्रांप्रमाणे लावायच्या, एवढेच राहिले होते. पक्कडीने ती खुंटी काढली. बोर्ड बसवला. बटण दाबले. तारीख-वेळ चुकीची दाखवत का होईना, पण संगणक बोलू लागला. नऊही अर्ज मुदतीच्या दोन दिवस आधी गेले.

खुंटी काढायची राहिली ही चूक पोराचीच होती, हे नाकारत नाही. पण चुका कुणाच्या होत नाहीत? आमच्या बोर्डाच्याच घराण्यातल्या चिपांमध्ये दोष आहे, असे इंटेलने ३१ जानेवारी २०११ रोजी जाहीर केले, माल थांबवला आणि दुरुस्ती-बदलीला ७० कोटी डॉलर लागतील असा अंदाज सांगितला. एवढ्या मोठ्या कंपनीनेही दोष कुठे आहे ते शोधले आणि काम पुढे नेले. आम्ही मात्र दोष शोधायच्या आधी दोषी शोधला. पोराने एक खुंटी विसरली, पण १,१५५ पिना सांभाळल्या होत्या. त्याचे कौतुक करायला आम्हाला एक दिवस उशीर झाला.

आम्ही त्याची माफी मागितली असे सांगता आले असते तर बरे वाटले असते. आईबापांना ते जमत नाही. त्या रात्री भाकरी त्याच्या ताटात आधी वाढली, आणि बाबांनी आपला मीटर त्याच्या कप्प्यात ठेवून दिला. तो मीटर आजवर कुणाला हात लावू दिला नव्हता.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या घरांत यंत्र महाग असते, म्हणून ते बिघडले की हात पहिला पोराच्या पाठीवर जातो. तो आवरा. प्लग काढा, पोराला शेजारी बसवा आणि एकेक गोष्ट तपासा. आपल्याला संगणक येत नसेल, पण गाडी, मोटार, शिवणयंत्र, काहीतरी नक्की येते. तीच नजर इथेही चालते.

ती पितळी खुंटी आमच्याकडे अजून आहे. बटणांच्या डब्यात.