फिरकीचा तांब्या

माळ्यावरून बॅगा काढताना कोपऱ्यातला फिरकीचा तांब्या हाताला लागला. झाकण घट्ट बसलं होतं. ओल्या फडक्यात धरून जोराने पिळलं तेव्हा ते करकरत सुटलं, आणि आतून वास आला: पितळेचा, चिंचेचा, कधीकाळी कोंडून राहिलेल्या पाण्याचा. मी शिडीवरच थांबले. खाली मुलं कुठली बॅग कुणाची यावर भांडत होती, आणि मी मात्र कशेडी घाटात जाऊन पोचले होते.

मे महिन्यातली रात्रीची एसटी. मुंबई सेंट्रलहून निघालेली आमची गाडी कशेडीत बंद पडली. ड्रायव्हर-कंडक्टर बॅटरी घेऊन खाली उतरले. बाप्ये मंडळी उतरून रस्त्याच्या कडेला पांगली. आत बायका आणि मुलं. अंधार, उकाडा, डिझेलचा वास. एक बाळ रडायला लागलं, मग सगळीच रडायला लागली. आईने तांब्याची फिरकी सोडली आणि झाकणाखाली बसणारं छोटं फुलपात्र भरलं. आधी माझ्या भावाला, मग मला, मग पुढच्या सीटवरच्या त्या बाळाला, मग मागून कुणाच्या तरी दोन मुली आल्या त्यांना. तांब्या कलता कलता पार आडवा झाला. उरलेल्या घोटभर पाण्यात तिने फडकं भिजवलं आणि माझं तोंड पुसलं, कारण मला गाडी लागून ओकारी झाली होती. ती स्वतः थेंबभरही प्यायली नाही. मी पाहत होते. आईचा विषय निघाला की पुढे आयुष्यभर मला हेच दिसत आलं.

आता आम्ही आमच्या गाडीने निघालोय. दोन मुलं, आम्ही दोघं आणि आई. राजापूरच्या अलीकडे तिचं माहेर. तिथे आता मामा-मामी दोघंच असतात. साडेतीनशेहून जास्त किलोमीटर. तयारी आठवडाभर चालू आहे. टायरची हवा, लहान्याच्या उलटीच्या गोळ्या, चार्जर, पत्त्यांचे कॅट, पांघरुणं. नवऱ्याने फोनवर सगळा रस्ता आखून ठेवलाय.

गिरगावातल्या आमच्या खोलीत तयारी वेगळी असे. बाबा रिझर्व्हेशनच्या रांगेत उभे राहून येत, की त्यांचं काम संपलं. बाकी सगळं आईचं. दशम्यांचं पीठ ती दुधात भिजवायची, पाण्याचा एक थेंब त्यात जाऊ द्यायची नाही. म्हणून त्या दोन दिवस टिकत आणि मऊही राहत. सोबत लसणीची कोरडी चटणी. आलेपाकाच्या वड्या. घाटात हुंगायला लिंबू. दुधाच्या रिकाम्या पिशव्या ती महिनाभर धुऊन दोरीवर वाळवत असे, आमच्या ओकाऱ्यांसाठी. खिडक्या आम्हा दोघांना. ती मधल्या वाटेच्या बाजूला, पायाशी तांब्या धरून. पनवेल गेलं की मला झोप लागायची. ती झोपायची का, मला सांगता येणार नाही.

आजोळी पोचल्यावर पहिले दोन दिवस आईला उन्हाळी लागलेली असे. आजी धने-जिऱ्याचं पाणी करून ठेवी, सब्जा भिजवी. आई माजघरात पडून राही आणि आम्ही आंब्यांखाली धावत सुटू. मुंबईच्या लेकीला कोकणातला उकाडा सोसत नाही, असं सगळे म्हणत. दरवर्षी म्हणत.

मी तांब्या घेऊन खाली आले, तर मुलगा पुस्तक घेऊन मागे लागला. त्याला मोटारींचं वेड आहे. ‘आई, गाडीने पहिली लांबची ट्रिप कुणी केली, ओळख!’ मी बॅगेची चेन लावत होते. थांबायला तो तयार नव्हता. १८८८ चा ऑगस्ट. जर्मनीतलं मानहाइम. बर्था बेन्झ पहाटे उठली, नवऱ्याने बनवलेली तीनचाकी मोटार तिने बाहेर काढली आणि युजेन आणि रिचर्ड या दोन मुलांना घेऊन निघाली. कार्ल बेन्झला सांगितलंच नाही. शंभरावर किलोमीटर दूर फोर्झहाइमला तिचं माहेर होतं. इंधनाची नळी तुंबली ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. वायर उघडी पडली तिला मोजे बांधायच्या पट्ट्याने आवरण केलं. इंधन संपलं तेव्हा वीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन घेतलं. ब्रेकचे ठोकळे झिजले, तर चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. चढावर मुलं उतरून गाडी ढकलत. संध्याकाळी पोचल्यावर नवऱ्याला तार केली.

म्हणजे मोटारीचा पहिला लांबचा प्रवास एका बाईने दोन मुलांना घेऊन माहेरपणासाठी केला! मला त्या बाईबद्दल एकदम माया वाटली. मुलगा पुढे वाचत होता. इंजिन थंड ठेवायला पाणी लागे आणि ते वाफ होऊन उडून जाई, म्हणून वाटेत जिथे मिळेल तिथे थांबून इंजिनाला पाणी पाजावं लागे. इंजिन किती तहानलेलं होतं ते सगळं लिहिलेलं आहे. बर्था आणि मुलं वाटेत काय खाणार, काय पिणार, याची तयारी तिने कशी केली असेल, पहाटे आवाज न करता डबा कसा बांधला असेल, हे त्या पुस्तकात नव्हतं.

एवढ्यात लेक आली. पाचवीत आहे. आजीपाशी बसली, आणि आजीने पुढे केलेला पाण्याचा पेला तिने बाजूला सारला. ‘नको. उद्या प्रवास आहे ना. मी आत्तापासून कमी पिणार.’

मी काही म्हणायच्या आत आई बोलली. चिंचेने तांब्या घासता घासता, केस घट्ट बांध असं सांगावं तितक्या सहज. ‘हो, निघायच्या आधी तर पिऊच नकोस. मी कधी पीत नाही.’

‘आई, कशेडीत तू म्हणून प्यायली नव्हतीस?’

तिला आधी कशेडी आठवेना. मग आठवलं. ‘तहान लागलेली की गं. घसा नुसता सुकला होता. पण पिऊन जायचं कुठे? बाप्ये काय, घाटात कुठेही उभे राहिले. आम्ही गाडीत बसून. पुढचा स्टँड कधी येईल ठाऊक नाही, आणि तिथल्या दाराला कडी नसायची. दुपारी जेवल्यापासून मी पाणी बंद करायचे. तुम्हा मुलांचं नि त्या बाळाचं मात्र भागलं, ते बरंच झालं.’

एवढं बोलून ती तांब्या विसळायला उठली.

उन्हाळी कुठून येत होती, ते आज कळलं. तो उकाडा नव्हता. दुपारपासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कोरडी राहिलेली बाई माहेरी पोचायची ती जळजळ घेऊनच. आजीने धने-जिऱ्याचं पाणी आधीच करून ठेवलेलं असे, म्हणजे तिला ठाऊक होतं. घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं, आणि त्यांनी ते आपसांत औषधासारखं वाटून घेतलं होतं. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, त्यानंतर आईने एसटीचं नाव काढलं नाही आणि तांब्या माळ्यावर गेला. सगळे पुलांचं, बोगद्यांचं कौतुक करत. तिला विचारलं की ती म्हणे, गाडीत सोय आहे. तेव्हा मी हे बोलणं कानाआड केलं होतं.

या रस्त्यावर माझा राग जुना आहे. १७ नंबरचा होता तो ६६ नंबरचा झाला. चौपदरीकरण २०११ पासून ऐकते आहे. मुलं जन्मली, शाळेत गेली, आणि अजूनही पाट्यांवर काम चालू आहे. त्यासाठी कडेचे वड गेले, आंबे गेले, करवंदीच्या जाळ्या गेल्या. त्या जाळ्यांचा बायकांना आडोसा होता, हे झाडं मोजणाऱ्या कुणी लिहून घेतलं असेल असं मला वाटत नाही. कशेडीला आता सुमारे २ किलोमीटरचा बोगदा आहे. घाट चढायला नको. तितका वेळ वाचतो. पण एवढ्या रुंद रस्त्यावर कुलूप न लावलेलं, आत पाणी असलेलं, आतून कडी लागणारं दार शोधायला लागलं की वाचलेला वेळ तिथेच जातो. मागच्या वेळी एका पंपावर किल्ली मागितली, तर तिथल्या मुलाने मान वर न करता ‘बंद आहे’ म्हणून सांगितलं. लेक माझा हात धरून उभी होती. पाणी कमी प्यायला ती तिथेच शिकली असणार. मुंबईत बायकांनी ‘राइट टू पी’ म्हणून चळवळ केली, रस्त्यावर उतरून स्वच्छतागृहं मागितली. तिच्याबद्दल वाचताना ते शहरातल्या कामकरी बायकांचं दुखणं वाटायचं. ते माझ्या घरात तीन पिढ्या बसलेलं आहे. आईला सत्तरी उलटून गेलीय, लेक दहा वर्षांची आहे, आणि दोघींचा नियम एकच.

रात्री मी नवऱ्याचा आखलेला रस्ता बाजूला ठेवला आणि डायरी काढली. जेवायला कुठे थांबायचं हे नंतर बघू. आधी दर दीड-दोन तासांनी कुणाचं घर लागतं ते लिहायला बसले. आई शेजारी बसून नावं सांगत होती. पेणला नवऱ्याची चुलत बहीण. माणगावला माझी शाळेतली मैत्रीण, लग्न होऊन तिथे गेलेली. महाडला आईच्या मावसबहिणीची सून. खेडला कुणीच नाही, तिथे मामीने ओळखीच्या डॉक्टरीणबाईंचं नाव दिलं. चिपळूणला मामेभाऊ. वाटेत ज्यांचं असं कुणी नाही त्या बायकांचं काय, हे नावं लिहिताना सारखं मनात येत होतं. रात्रीच्या एसटीत मधल्या वाटेच्या बाजूला बसलेल्या बायका अजून आहेतच.

मी फोन लावले. प्रत्येकीला सरळच सांगितलं, दहा मिनिटं येऊ, बाथरूमला जायचंय, आई आणि मुलगी आहेत. कुणालाही ते समजावून सांगावं लागलं नाही. पेणच्या वन्सं म्हणाल्या, मीसुद्धा असंच ठाण्यापर्यंत घरं धरून जाते. माणगावची मैत्रीण म्हणाली, नाश्ता इकडेच, आंबोळ्या करते. महाडच्या वहिनींनी जेवायचंच सांगून टाकलं. मामेभाऊ रागावला, चिपळूणला यायचं आणि राहायचं नाही म्हणजे काय? आईने फोन माझ्या हातातून घेतला आणि त्याला विचारलं, यंदा तुझ्याकडच्या विहिरीला पाणी आहे ना? पुष्कळ आहे, तो म्हणाला.

एका दिवसाचा प्रवास दोन दिवसांचा झालाय. नवऱ्याने कुरकुर केली नाही. मामांना तेवढं कळवायचं राहिलंय की आम्ही शनिवारऐवजी रविवारी दुपारी पोचू.