ऑईलमधली चमक

मार्चमधला शनिवार होता, उपवासकाळ चालू होता. घरामागच्या अंगणात मी गाडी दहा मिनिटं सुरू ठेवून गरम केली, कारण गरम ऑईल पातळ होतं आणि नीट निघतं. मग खाली जुनं पातेलं सरकवलं आणि ड्रेन बोल्ट सोडला. आमच्या गाडीत साधारण एक लिटर ऑईल बसतं. निघालं ते अर्धा लिटरसुद्धा नव्हतं. काळंकुट्ट. पातेलं उन्हात धरलं तर आत काहीतरी चमकत होतं, जरीचा चुरा सांडावा तसं.

हे काम मी एकट्याने, गुपचूप करत होतो. त्याला कारण होतं. डिसेंबरात डॅडींनी सर्व्हिसिंगसाठी सातशे रुपये दिले होते. ते मी मित्राबरोबर आंबोलीला जाण्यात उडवले. तेही ह्याच गाडीवरून, डबलसीट, घाट उतरून परत चढत. घरी आल्यावर सांगितलं, "सर्व्हिसिंग झालं." नंतर गाडीतून टकटक आवाज यायला लागला, सायलेन्सरमधून निळसर धूर दिसायला लागला. निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय, एवढं मलाही माहीत होतं. मी कानाडोळा केला. उपवासकाळात कन्फेशनला गेलो तेव्हा "खोटं बोललो, फादर" असं म्हणालो, दरवर्षी म्हणतो तसंच. कुणाशी आणि कशाबद्दल, ते नाही सांगितलं.

जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ऑईलमध्ये फिरवलं. त्यावर राखाडी, लोण्यासारखा मऊ थर बसला. तो प्रत्येक गाडीत थोडाफार निघतो. मोटरसायकलमध्ये एकच ऑईल इंजिन, क्लच आणि गिअर तिघांना पुरवावं लागतं, त्यामुळे पोलादाची झीज त्यातच येते. पण चमकणारे कण चुंबकाला चिकटेनात. ते तसेच तरंगत राहिले.

तेवढ्यात डॅडी पहिली शिफ्ट संपवून आले. उद्यमबागेत मशीन शॉपवर पंचवीस वर्षं टर्नर आहेत ते. धातूचा कीस हा त्यांचा रोजचा विषय. काही न बोलता त्यांनी ऑईलचा थेंब अंगठा आणि बोटात चोळला, उन्हात बघितला.

"अ‍ॅल्युमिनियम," ते म्हणाले. "पिस्टन खातोय. किती ऑईल निघालं रे?"

"अर्ध्या लिटरपेक्षा कमी."

"डिसेंबरला तर भरलं होतं नव्हे? मेस्त्रीनं जुनंच ठेवलं काय की. पंधरा वर्षं जातोय त्याच्याकडे. उद्या विचारतोच त्याला."

मी गप्प बसलो असतो तर त्या क्षणी सुटलो असतो. मेस्त्रींनी नाही म्हटलं असतं, डॅडींनी विश्वास ठेवला नसता, आणि पंधरा वर्षांची ओळख सातशे रुपयांत संपली असती. इतके दिवस माझं खोटं माझ्यापुरतं होतं असं मला वाटत होतं. आता ते दुसऱ्या माणसाच्या नावावर जमा होत होतं.

"डॅडी, मेस्त्रींकडे गाडी नेलीच नव्हती मी," मी म्हणालो. मग आंबोलीचं सगळं सांगितलं.

ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त कापडाला हात पुसले आणि आत गेले. रात्री जेवताना मम्मीच बोलत होती.

सोमवारी मेस्त्रींनी हेड आणि ब्लॉक उतरवला. पिस्टनच्या बाजूवर उभ्या रेघा पडल्या होत्या, नखाने ओरबाडल्यासारख्या. ते म्हणाले, "अजून थोडी चालवली असती तर इंजिन जाम झालं असतं. वेगात असताना जाम झालं की मागचं चाक लॉक होतं." हे ऐकल्यावर मला घाम फुटला. कारण दुसरी शिफ्ट असली की रात्री बारा वाजता ह्याच गाडीवरून डॅडी घरी येतात. तीन महिने येत होते. ते हे पहिल्याच दिवशी, तो थेंब चोळतानाच समजले असणार. मला मात्र एका शब्दाने बोलले नाहीत.

ब्लॉक त्यांनी ओळखीच्या वर्कशॉपमधून बोअर करून आणला, ०.२५ मिलिमीटरने वाढवून. नवा पिस्टन, नव्या रिंगा. आठवडाभर डॅडी बसने कामाला गेले. खर्च ४,२०० रुपये आला. दोन महिने शिकवण्या घेऊन मी तो फेडला.

नवा पिस्टन बसवला की पहिलं ऑईल ५०० किलोमीटरलाच बदलायचं असतं. त्या दिवशी डॅडींनी मला हाक मारली. पातेलं उन्हात धरून म्हणाले, "ये, बघ की."

मी चुंबक फिरवलं. थोडा राखाडी थर आला, तो येणारच होता. चमक कुठेच नव्हती. डॅडींनी ऑईलची नवी बाटली माझ्या हातात दिली आणि मला भरू दिलं.